खडकतळीचं पाणी गेलं कुठं?

१

पोहरा खाली गेला आणि दगडावर वाजला.

लंकाबाईनं दोर सैल सोडून पुन्हा हलवला. पुन्हा तोच आवाज. मग तिनं काठावरून वाकून पाहिलं आणि मागं रांगेत उभ्या असलेल्या बायकांना सांगितलं, "आजबी न्हाई गं. चिखूल उरलाय निस्ता."

सन त्र्याहत्तरचा फेब्रुवारी. खडकतळी हे जामखेडच्या पूर्वेचं साठ उंबऱ्यांचं गाव. निम्मी माणसं ऊसतोडीला बेलापूरकडं गेलेली, उरलेली ओढ्यातल्या दुष्काळी कामावर. गावविहीर डिसेंबरातच आटली होती. तेव्हापासून सुट्टीचा वार सोडला तर रोज संध्याकाळी पाचला तालुक्याचा टँकर यायचा आणि दीड हजार गॅलन पाणी विहिरीत सोडून जायचा. त्यातलं घरटी दोन हंडे संध्याकाळी काढायचं, बाकीचं सकाळी. दोन महिने हे नीट चाललं. गेले बारा दिवस मात्र संध्याकाळी डोळ्यांनी पाहिलेलं गुडघाभर पाणी सकाळी नाहीसं झालेलं असे.

मी तिथला तलाठी, मच्छिंद्र. टँकर आल्याची सही रोज मीच करायचो. खरं सांगायचं तर पुष्कळदा चावडीत बसूनच करायचो.

त्या दिवशी पाच वाजता टँकर आला तेव्हा सगळं गाव विहिरीवर जमलं होतं. ड्रायव्हर छगन मूळचा राहात्याकडचा, तीस-बत्तीसचा, कमी बोलणारा. तो वाटेत अर्धी टाकी विकतो आणि अर्धीच आणून ओततो, असं कुणीतरी म्हणालं आणि दुपारपर्यंत सगळेच म्हणू लागले. टँकर थांबताच त्याला कॅबिनमधून खाली ओढलं गेलं. एक फावड्याचा दांडा उठला. डाव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओल्या काटकीसारखा नव्हता तो, वाळल्या लाकडासारखा होता.

कामावरच्या जीपमधून त्याला जामखेडला नेलं. मी कागदावर लिहिलं: 'अज्ञात जमावाकडून मारहाण.'

दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर आला. सरपंच काकासाहेबांनी स्वतः टँकरवर चढून झाकण उघडलं. टाकी काठोकाठ भरलेली होती. सगळं पाणी सगळ्यांसमोर विहिरीत पडलं.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोहरा पुन्हा दगडावर वाजला.

२

तालुक्यानं चौकशीला पाठवल्या त्या कुलथेबाई. पुष्पावती कुलथे, पंचायत समितीच्या मुख्यसेविका. पंचेचाळिशीच्या, अंगानं बारीक, पायात जाड चपला. गुरुवारी दुपारच्या एसटीनं उतरल्या आणि थेट चावडीत आल्या.

"मला का पाठवलं माहीत आहे का, भाऊसाहेब?" त्या म्हणाल्या. "पाणी बायका भरतात, आणि बायका साहेबांशी बोलत नाहीत. तेवढंच कारण. मला विहिरीतलं काही कळत नाही."

मी माझ्या सह्यांची वही पुढं केली. त्यांनी पानं उलटली. "एकही खाडाखोड नाही. सगळं बरोबर आहे." वही मिटून त्यांनी परत दिली. "जिथं माणसं तहानेनं एकमेकांचे हात मोडतात आणि कागदावर सगळं बरोबर असतं, तिथं कागद मला आधी नकोसा वाटतो. छगनला मारलं तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"मागं होतो," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि पुढं काही विचारलं नाही. ते न विचारणं मला दिवसभर टोचत राहिलं.

संध्याकाळी टँकर रिकामा झाला तेव्हा बाईंनी दोराला दगड बांधून विहिरीत सोडला. पाणी होतं तिथं दोराला गाठ मारली. घरोघरचे दोन-दोन हंडे भरून झाल्यावर दुसरी गाठ मारली. मग त्यांनी बायकांकडून चुलीतली राख मागवली. विहिरीभोवती चार हात रुंदीचा राखेचा पट्टा पसरला आणि त्याच्या बाहेर बाभळीच्या काटेरी फासाट्या लावून घेतल्या.

राखणीला कोतवाल श्रीमंत असायचा. तो अवघडून बाजूला उभा होता. "बाई, माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"तुमच्यावर आहे, श्रीमंत. गावाचा तुमच्यावर नाही. ही राख तुमच्यासाठीच आहे."

सकाळी सगळ्यांच्या आधी आम्ही पोचलो. फासाट्या हललेल्या नव्हत्या. राखेवर माणसाचं सोडा, कावळ्याचंसुद्धा पाऊल नव्हतं.

बाईंनी गाठी मारलेला दोर आत सोडला. तो कोरडा वर आला.

३

राख तशीच आणि विहीर रिकामी, ही बातमी तासाभरात गावभर झाली. काहींनी भुताखेताचं नाव घेतलं. बाकीच्यांनी माणसांची नावं घेतली, आणि भुतापेक्षा ती जास्त भयंकर होती. श्रीमंतच्या बायकोला कुणी पाण्याच्या रांगेत उभं राहू देईना. काकासाहेबांच्या मळ्याकडं बोटं दाखवली जात होती. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांची दीडशे मोसंबीची झाडं होती. सगळं शिवार करपलेलं असताना गेल्या दहा-बारा दिवसांत त्या झाडांना पालवी फुटली होती.

आम्ही मळ्यात गेलो. काकासाहेब बांधावरच उभे होते, जणू आमचीच वाट बघत होते.

"बाई, गाव म्हनतंय मी चोरून पानी घेतो. माझी मोटार उघडून बघा, तिच्यात कोळ्यानं जाळं केलंय."

"मग झाडं हिरवी कशानं?"

काकासाहेबांनी ओढ्याकडं हात केला. "ओढ्याच्या वाळूला ओल आलीया. कुठनं आली म्हाईत न्हाई. खरं सांगू? म्या इचारलंबी न्हाई. आपल्या शेतात येनाऱ्या पान्याला, बाबा तू कुठल्या गावचा, असं कोन इचारतं?"

ओढ्यातच, गावविहिरीपासून तीनशे पावलं उताराला, दुष्काळी कामातली नवी विहीर चालू होती. शंभरावर बाया-माणसं माती उपसत होती, डिझेल इंजिन धडधडत होतं आणि त्याच्या पाइपातून पाणी वाळूत पडत होतं. ओव्हरसियर गोरक्षनाथ धावतच आला. चोविशीचा पोरगेला माणूस, पहिलंच काम. त्यानं अभिमानानं सांगितलं की अठरा दिवसांपूर्वी काळा पाषाण लागला, सोळा सुरुंग एकदम उडवले आणि दुसऱ्याच दिवशी पाणी लागलं. वरच्या साहेबांचं शाबासकीचं पत्र आलं. गावानं हार घातला.

"त्या सुरुंगानं माझ्या फळीवरली भांडी पडली," लंकाबाई पाटी टाकता टाकता म्हणाली.

"पाणी लागलं तर ते उपसून टाकता का?" बाईंनी विचारलं.

"पाण्यात खोदणार कसं? रोज सकाळी उपसायचं आणि मग खोदायचं. नकाशात चाळीस फूट आहेत, आता अठ्ठावीस झाले. पाण्यासाठीच तर खोदतोय, बाई."

बाई पुढं गेल्या. इंजिनाजवळ कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

तेवढ्यात तालुक्याचा शिपाई सायकलवरून आला. माझ्या नावचा लखोटा होता. मी फोडला आणि वाचला: खडकतळी येथील कामाच्या विहिरीस सलग पाणी असल्याचे अहवाल प्राप्त झाले असल्याने सोमवारपासून गावाचा टँकर बंद करण्यात येत आहे.

४

"सोमवारी," बाई म्हणाल्या. "म्हणजे आपल्याकडं आज, उद्या आणि रविवार."

दुपारच्या सुट्टीत बायका बाभळीच्या विरळ सावलीला बसल्या होत्या. बाई त्यांच्यात जाऊन बसल्या. मी जरा लांब थांबलो. गप्पा चालू झाल्या, पण पाण्याचं नाव निघालं की एकेकीला पदर सारखा करायचा असायचा. त्यांच्यात राहीबाई होती, साठीची, कामावरची सगळ्यांत जुनी बाई.

"मावशी, तुम्ही सगळ्या काहीतरी लपवताय," बाई सरळ म्हणाल्या.

"आमी काय लपवावं? गरिबाकडं लपवाया काय असतंय?"

"मग प्यायला पाणी द्या."

राहीबाईनं हात लांब केला आणि मध्येच मागं घेतला. शेजारचीनं तांब्यावर पदर टाकला. बाईंनी पदर बाजूला सारून तांब्या उचलला आणि उन्हात धरला. पितळेच्या तळाशी पाण्याला अगदी फिकी, विड्यानं रंगलेल्या ओठांसारखी लाली होती.

"हे कुठलं?"

राहीबाई हळू आवाजात म्हणाली, "या हिरीचं. उपसायच्या आधी एक-एक तांब्या घेतो. तुकाईनं कुंकू टाकलंय त्यात. पैल्या दिसापास्नं हाय."

"रोज असतं?"

"बुधवार सोडून. बुधवारी हिरीत पानीच नसतं फारसं. इंजिन घटकाभरात बंद पडतं. त्या दिवशी खोदाई मातर बक्कळ हुती."

"हे साहेबांना का सांगितलं नाहीत?"

राहीबाईनं बाईंच्या डोळ्याला डोळा दिला. "हिरीत काय खोट निघाली तर काम बंद व्हईल. शेजारच्या वाड्या धरून शंभर चुली हायेत ताई या कामावर. पानी न्हाई म्हनून मरायचं का काम न्हाई म्हनून, येवढंच आमी ठरवायचं ऱ्हायलंय."

परत येताना बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "भाऊसाहेब, टँकरला आठवड्याची सुट्टी कधी असते?"

"मंगळवारी," मी म्हणालो. आणि माझी पावलं आपोआप थांबली.

५

शुक्रवारी संध्याकाळी टँकर रिकामा झाल्यावर श्रीमंतनं कमरेची पुडी काढली. दवाखान्यातून त्याला लाल औषध मिळायचं. पाणी शुद्ध राहावं म्हणून टँकर गेला की चिमूटभर खडे विहिरीत टाकायचे, असा त्याला हुकूम होता, आणि श्रीमंतनं तो एक दिवस चुकवला नव्हता.

"आज सगळी पुडी टाका," बाई म्हणाल्या. "पण आधी लोकांना पाणी भरून घेऊ द्या."

"सगळी? डाक्टर वरडंल."

"मी सही देते."

शनिवारी सकाळी बाईंनी सगळ्या गावाला नव्या विहिरीवर बोलावलं. इंजिन चालू करायचं नाही, असं गोरक्षनाथला बजावलं होतं. काकासाहेब आले, श्रीमंत आला, टोपल्या घेऊन बायका आल्या. बाईंनी राहीबाईच्या हातात पोहरा दिला. पोहरा वर आला तसे सगळे पुढं वाकले. आतलं पाणी जांभळासारखं दिसत होतं.

"तुकाई एवढं कुंकू टाकत नसते," बाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी हे औषध आपण वरच्या विहिरीत टाकलं. इथं कुणी टाकलं नाही. मग ते इथं आलं कसं?"

त्यांनी सगळं सावकाश सांगितलं, जशी शाळेत बेरीज शिकवावी. सुरुंगांनी इथला पाषाण फुटला आणि चीर थेट गावविहिरीच्या तळापर्यंत गेली. लंकाबाईची भांडी पडली त्याच दिवशी. तेव्हापासून टँकरचं पाणी संध्याकाळी वर ओतलं जायचं आणि सकाळपर्यंत खाली उतरायचं. राखेवर पाऊल उमटणार कसं? चोर विहिरीच्या बाहेरून आलाच नव्हता. मंगळवारी टँकर नाही, म्हणून बुधवारी इथं पाणी नाही. बाकीच्या दिवशी सकाळी इंजिन ते पाणी वाळूत फेकायचं आणि वाळूतून ते मोसंबीला जायचं.

"म्हंजी आमी रोज आमचंच पानी उपसून टाकीत हुतो?" लंकाबाईनं विचारलं.

"पाणी शोधण्यासाठी," बाई म्हणाल्या.

कुणाला तरी हसू आलं आणि ते लगेच दबलं.

"पण चोर कोन?" मागून आवाज आला. "येवढं झालं, त्याला कोन तरी जबाबदार आसंलच की!"

"टँकरवाल्यानं भरून पाणी आणलं. भाऊसाहेबांनी सही केली. श्रीमंतनं औषध टाकलं. ओव्हरसियरनं नकाशाप्रमाणं खोदलं आणि पाणी लागल्याचं वर कळवलं. वरच्यांनी नियम बघून टँकर बंद केला. ज्यानं त्यानं नेमून दिलेलं काम चोख केलं. गावाला तहानेनं मारायला वाईट माणूस लागत नाही. नीट काम करणारी पाच माणसं पुरतात, फक्त ती एकमेकांशी बोलायला नकोत."

मग त्या गोरक्षनाथकडं वळल्या. आवाज उतरला होता, पण त्यातली धार गेली नव्हती. "तुम्हाला रंग दिसला होता."

त्याचा चेहरा पडला. "पहिल्याच दिवशी दिसला," तो म्हणाला. "पण हार घालून झाला होता. वर पत्र गेलं होतं. आज म्हणायचं पाणी लागलं आणि उद्या म्हणायचं नाही लागलं, हे कोणत्या तोंडानं कळवू? वाटलं, चार दिवसांत रंग जाईल." तो बायकांकडं बघत होता. "आणि विहीर कोरडी ठरली तर काम बंद करण्याचा नियम आहे. यांना मी काय सांगणार होतो?"

राहीबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण तोंडही फिरवलं नाही. दोघांनी एकच गोष्ट एकाच भीतीनं लपवली होती, आणि ते आता दोघांनाही कळलं होतं.

६

उपाय साधा होता. नव्या विहिरीच्या तळाला काळा पाषाण होता. इंजिन बंद ठेवलं तर तिथून पाणी हलत नव्हतं. खोदाई तिथंच थांबवायची, टँकर थेट त्या विहिरीत ओतायचा आणि खोदाईवरच्या माणसांना त्याच विहिरीच्या दगडी बांधकामावर लावायचं. शनिवार-रविवारचं पाणी तिथं ओतलं. गोरक्षनाथनं स्वतः इंजिनाचा पट्टा काढून जीपमध्ये टाकला.

पण सोमवारी टँकर बंद झाला तो झालाच. हुकूम निघाला होता. बाई आणि मी तालुक्याला गेलो. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला.

"विहिरीला पाणी आहे म्हणून टँकर बंद केला," ते म्हणाले, "आणि तुम्ही लिहिता, विहिरीतलं पाणी टँकरचं आहे. हे कोणत्या रकान्यात भरू?"

"पाण्याचा उगम असा रकाना आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "तिथं मी 'टँकर' लिहिलंय."

साहेब हसले नाहीत. तो रकाना त्यांनी पुन्हा वाचला. मग त्यांनी सही केली. कागद चार टेबलांवरून फिरून यायला चार दिवस लागले. ते चार दिवस गावानं दोन दिवसांच्या साठ्यावर काढले. घरटी एक हंडा. श्रीमंतच्या बायकोला लंकाबाईनं रांगेत स्वतःच्या पुढं उभं केलं. शुक्रवारी टँकर आला.

छगन मात्र आला नाही. पाणीचोरीची त्याची चौकशी वेगळ्या फायलीत होती, आणि ती फाईल चालूच होती. चोरी झालीच नाही असं ठरलं, तरी चोराची चौकशी कुणी थांबवली नव्हती.

पुढच्या आठवड्यात बाईंची दुसऱ्या कामावर रवानगी झाली. एसटीत चढताना त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, माझ्या अहवालात पाण्याचं सगळं आलंय. छगनच्या हाताचं काहीच आलेलं नाही. मला ते कुणी सांगितलं नाही."

त्याच दिवशी दुपारी मी छगनच्या खोलीवर गेलो. जामखेडात एका गोदामामागं पत्र्याची खोली होती. त्याची बायको चांगुणा दारात शेंगा फोडत होती. तिनं मला पाहिलं आणि शेंगांची टोपली घेऊन बाहेर सरकली. छगन खाटेवर बसला होता, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात फडकं बांधलेलं.

मी त्याला सगळं सांगितलं. चीर, सुरुंग, औषध, इंजिन. तो शांतपणे ऐकत होता.

"मग चोर कोन निघाला, भाऊसाहेब?"

"कुणीच नाही."

"बरं झालं." त्यानं प्लास्टरवरची माशी उडवली. "मंजी माझा हातबी कुनीच मोडला न्हाई म्हना."

बाहेर चांगुणाचा शेंगा फोडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. 

"छगन, दांडा मी नाही मारला," मी म्हणालो. "पण कॅबिनमधून तुला खाली ओढणारा मी होतो. आदल्या दिवशी माझ्या बायकोनं गाळलेला चिखल प्यायला दिला होता. मला कुणावर तरी राग काढायचा होता. आणि मग मीच कागदावर 'अज्ञात' लिहिलं."

"म्हाईत हाय मला," छगन म्हणाला. "तुमचं घड्याळ डोळ्यापुढं हुतं माझ्या. दवाखान्यात पोलीस आल्ते, इचारत हुते. मी न्हाई सांगितलं."

"का?"

"सही तुमची असती. ड्रायव्हरचं कोन ऐकतंय?"

मी पिशवीतून कोरा कागद काढला. गुडघ्यावर वही ठेवली, तीच सह्यांची. वर तारीख घातली, गावाचं नाव घातलं. मारहाण करणाऱ्यांची नावे, असं लिहिलं आणि पहिल्या ओळीवर माझं पूर्ण नाव लिहून खाली सही केली. बारा वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर केलेल्या माझ्या सह्या हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या.

दुसरं नाव दांडा मारणाऱ्याचं होतं. काकासाहेबांचा धाकटा भाऊ. ते लिहिलं की खडकतळीत मला राहणं अवघड होणार, हे मला कळत होतं आणि छगनलाही.

पेन कागदावर टेकून थांबलं.  चांगुणा दारात येऊन उभी राहिली, हातातल्या शेंगा तशाच धरून.

मी नाव लिहिलं.